बंदरवाही

गावाच्या कमानीवर सिमेंटचं माकड बसवलंय.
शेपूट गेल्या उन्हाळ्यात तुटलं,
आतली सळई दिसते.
ग्रामपंचायतीच्या ठरावात लिहिलंय :
नाव प्राण्यावरून पडले, सबब पुतळा.
सूचक, अनुमोदक, एकमताने मंजूर.

मी मोजणीला आलो होतो,
बुडणाऱ्या गटांची शेवटची मोजणी.
साखळी नसते आता. तीन पायांचं यंत्र असतं,
आणि छत्री त्याच्या डोक्यावर धरावी लागते,
आपल्या नाही.
पट्टी धरायला गावातलाच झिबल,
आणि घाटावर जाळं सांधत बसलेली
सुगरता भानारकर,
जिच्या नावाने सात-बारावर काहीच नाही
म्हणून तिला नोटीसही नाही.

"वांदर नाई जी," ती म्हणाली, मान वर न करता,
"बंदर. जहाजाचं."
झिबल हसला.
इथून समुद्र कुठल्याही अंगाने धरा,
वाटेत दोन रात्री पडतात रेल्वेत.
"हास मंग. येथून वाट जाये बंदरले.
लमान जावाचे कापूस घेऊन, बैलाच्या मागं बैल,
अन् येवाचे मीठ घेऊन.
वाटेले नाव बंदराचं, गावाले नाव वाटेचं.
माकड तं काल आलं."

रात्री मुक्कामाच्या खोलीत मी नकाशा पसरला.
बोट वैनगंगेवर ठेवलं.
खाली वर्धा मिळते, नाव प्राणहिता होतं,
मग गोदावरी, मग नुसतं निळं.
आणि त्या निळ्याच्या काठाने थोडं दक्षिणेला
मछलीपट्टण,
ज्याला तिथली माणसं अजून नुसतं बंदर म्हणतात.
कितीतरी वखारी होत्या तिथे, परक्यांची थडगी,
मंजिष्ठाने रंगलेली कापडं वाळूवर वाळत.
ज्या नाखव्याने गठ्ठे मोजून घेतले
त्याला झाडीपट्टी हा शब्द
कुणी ऐकवला असेल, वाटत नाही.

पावसाळ्यात वाट बुजायची.
तांडा घाटावर अडकायचा, पूर उतरेपर्यंत.
गोण्या एका काळ्या दगडावर रचलेल्या,
वर पळसाच्या पानांचं छप्पर,
आणि मीठ रात्रभर गळत राहायचं
थेंब थेंब, दगडात.
हे सुगरतानं नाही सांगितलं.
हे गाईंनी सांगितलं.

सकाळी घाटावर चार गाई त्या दगडाला लागलेल्या,
वासरं आईच्या पोटाखालून मान काढून.
दगडावर खळगे, घोटीव, ओंजळीएवढे.
इतके खोल जायला किती जिभा लागल्या असतील,
माझ्या यंत्रात तो हिशोब बसत नाही.
झिबल पट्टी घेऊन दूर गेला होता.
मी आजूबाजूला पाहिलं, वाकलो,
आणि जीभ लावली.
शेवाळ. ऊन. गाईची लाळ.
मीठ होतं की नव्हतं,
शपथेवर सांगता येणार नाही.

तक्त्यात मोहाला भाव आहे, आंब्याला आहे,
बांधीव विहिरीला वेगळा, कच्च्या विहिरीला वेगळा.
दगडाला रकाना नाही.
शेऱ्यात मी लिहिलं : घाटावर एक दगड, खारट.
साहेबांनी शेवटचा शब्द खोडला.
बरोबरच केलं.

धरणाचे दरवाजे टाकून आता तिसरं वर्ष.
नवं गावठाण माळावर आहे, सरळ रस्त्यांचं,
घरांना आकडे.
परवा झिबलचा फोन आला, भावाच्या लग्नाचा,
बोलता बोलता म्हणाला,
कमान गळ्यापर्यंत पाण्यात आहे,
मासेमारीच्या ठेकेदाराची मोटारबोट
माकडाच्या सळईला बांधतात.
सुगरता त्याच्याकडे मजुरीने जाते,
किलोमागे काय ते.
अन् गाई?
त्या दावं तोडतात, तो म्हणाला, अजूनही.
खाली उतरतात, गुडघाभर पाण्यात जातात,
पाणी पीत नाहीत,
नुसत्या उभ्या राहतात
जीभ बाहेर काढून.